डिकीतले पाणी कधीचे?

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांची रेल्वेगाडी लातूरकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचली, तेव्हा सगळ्यांनी मोजले ते लिटर. एका टाकीत पन्नास हजार, दहा टाक्यांत पाच लाख. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली तेव्हा एका खेपेत पंचवीस लाख. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, चार लाखांच्या घरातल्या शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले होते, त्यामुळे आकड्यांवर नजर खिळणे साहजिकच होते. पण पाण्याच्या कामात वावरणाऱ्याला त्या गाडीत शिकण्यासारखे दिसते ते वेगळेच. त्या टाक्या मुळात तेल वाहणाऱ्या. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात त्या वाफेने धुतल्या गेल्या, मगच मिरजेला आल्या. लातूरला उतरलेले पाणीही थेट लोकांच्या हंड्यात गेले नाही. ते आधी शुद्धीकरणासाठी गेले आणि मग टँकरने वस्त्यांत पोहोचले. म्हणजे मिरजेला चांगले असलेले पाणी साडेतीनशे किलोमीटरवर तसेच असेल, असे कोणी गृहीत धरले नव्हते. शिवाय ते पाणी कुठे मुक्कामालाही ठेवले नव्हते. आले, उतरले, साफ झाले, वाटले गेले. शंभराहून जास्त फेऱ्या याच रीतीने झाल्या. आपल्या जीपमध्ये, कारमध्ये, पिकअपमध्ये अडीअडचणीसाठी पाणी ठेवताना मात्र आपण नेमके याच्या उलट वागतो. एकदा कॅन भरतो, डिकीत सरकवतो आणि निर्धास्त होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की अडचणीसाठी म्हणून बाजूला काढलेले पाणीच सर्वांत आधी बिघडते. गाडीत वेगळा राखीव साठा नकोच. रोज पिण्याच्या पाण्यातच चार लिटर जास्तीचे असावेत.

हे म्हणणे आले आहे ते टँकरच्या कामातून. टँकर भरतो त्या जागी आणि रिकामा होतो त्या जागी क्लोरीन तपासण्याचे काम नांदेड-लातूर पट्ट्यात ज्याने उन्हाळाभर केले असेल, त्याला दोन्हीकडच्या रंगातला फरक समजावून सांगावा लागत नाही. गावातला जलसुरक्षक ज्याला ओटी टेस्ट म्हणतो, त्यात नळीतले पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक आहे आणि पांढरेच राहिले की काही उरलेले नाही, इतका सरळ हिशेब. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन उरायला हवा. उरायला, टाकायला नव्हे. टाकलेला क्लोरीन वाटेत खर्च होतो. टाकीच्या आतला गंज तो खातो, तळाचा गाळ खातो, उन्हाने तापलेले पाणी तो लवकर सोडून देते आणि रस्त्याच्या हेलकाव्यांनी उरलासुरला हवेत जातो. त्यात मुळातली ब्लीचिंग पावडरच जुनी असेल तर विचारायलाच नको. ताज्या टीसीएल पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हजार लिटरला पाच ग्रॅम टाकली तर लिटरला १.६५ मिलिग्रॅम पडतो. तीच पावडर ग्रामपंचायतीच्या खोलीत उघड्या पिशवीत राहून २० टक्क्यांवर आली की तेवढ्याच मापात लिटरला एकच मिलिग्रॅम पडतो, आणि रजिस्टरमध्ये मात्र दोन्ही दिवशी ‘पाच ग्रॅम’ हीच नोंद असते. उगम चांगला होता, मात्रा बरोबर होती, टँकर झाकलेला होता, तरी शेवटच्या हंड्यात क्लोरीन शून्य, हे या कामात नवलाचे नाही. पाण्याची सुरक्षितता हा कायमचा गुण नसून उतरत जाणारी शिल्लक आहे, हे एकदा पटले की डिकीतल्या कॅनकडे बघण्याची नजर बदलते. टँकरचे पाणी काही तासांत संपते. डिकीतले पाणी महिनोन्‌महिने तसेच पडून असते.

इथे पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो चुकीच्या टोकाने येतो. गाडीत प्लास्टिकच्या बाटल्या ठेवल्या की उन्हाने प्लास्टिकचे विष पाण्यात उतरते, कर्करोग होतो, असे संदेश दर एप्रिलला मोबाइलवर फिरतात. यात तथ्य किती ते मोजलेले आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये पेट बाटल्यांतून पाण्यात उतरणारे अँटिमनी तपासले. अमेरिकेची मर्यादा एक अब्ज भागांत सहा भाग. ती ओलांडायला बाटली सतत ६० अंश सेल्सिअसला ठेवली तर १७६ दिवस लागतात, ६५ अंशांना ३८ दिवस, ७० अंशांना १२ आणि ८० अंशांना दोन दिवसांहून थोडे अधिक. याच विद्यापीठाच्या आणखी एका अभ्यासात, ३८ अंशांपुढच्या दिवशी उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर, सीट ५१ च्या आसपास आणि डॅशबोर्ड ६९ च्या आसपास गेल्याचे दिसले. नांदेडचा मे महिना ॲरिझोनाला हार जाणारा नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. डॅशबोर्डवर, काचेखाली पडून राहिलेली बाटली खरोखरच वाईट जागी आहे. सीटखालची किंवा डिकीतली बाटली एखाद्या दुपारने विषारी होत नाही. कारण ६० अंश हे तापमान तिथे सहसा येत नाही, आले तरी दिवसरात्र टिकत नाही. भीती घालून लोकांनी बाटली फेकून द्यावी आणि घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत अर्धापूर ते हदगाव जावे, हा तोट्याचा व्यवहार आहे. तरीही तेच आकडे माझ्या म्हणण्याच्या बाजूने बोलतात. इथे धोका तापमान आणि दिवस यांच्या गुणाकाराचा आहे. तापमान आपल्या हातात फारसे नाही, दिवस पूर्णपणे आहेत.

खरी चिंता प्लास्टिकची नाही, जंतूंची आहे, आणि गंमत अशी की प्लास्टिकसाठी जी जागा चांगली तीच जंतूंनाही मानवते. स्वच्छ, पारदर्शक पेट बाटलीत गढूळ नसलेले पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवे ठेवले तर ते बऱ्यापैकी निर्जंतुक होते; ही पद्धत अनेक गरीब देशांत शिकवली जाते. सावलीतल्या डिकीत ऊन नसते, असते ती ३५ ते ४५ अंशांची ऊब. जंतू मारायला ती कमी पडते आणि वाढवायला पुरेशी होते. नुसत्या स्वच्छ पाण्यात जंतूंना खायला फारसे नसते हे खरे; पण बाटलीला एकदा तोंड लागले, कॅनमध्ये एकदा ग्लास बुडला, बोटे बुडली, की ती सोय आपण करून देतो. आपल्या आजीपणजी भांडे उंच धरून वरून पाणी पीत आणि उष्टे पाणी पुन्हा माठात जाऊ देत नसत. त्या रीतीतला सोवळ्याओवळ्याचा भाग बाजूला केला तर उरतो तो उत्तम आरोग्यनियम आहे, आणि गाडीत तो घरापेक्षाही जास्त लागू पडतो. म्हणून रुंद तोंडाचा कॅन, ज्यात तांब्या घालावा लागतो, तो प्रवासाला नको. खाली तोटी असलेला किंवा अरुंद तोंडाचा, ओतून घेता येणारा हवा. इतक्या एका बदलाने जेवढे साधते तेवढे महागड्या फिल्टरनेही साधत नाही.

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर आरओबद्दल बोलले पाहिजे, कारण लातूर असो की नांदेड, आज गाडीत जाते ते बहुधा आरओचे किंवा जारचे पाणी. ‘आमचे पाणी तर शुद्धच आहे, त्याला औषध कशाला?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो. आरओ क्षार काढते, किनवटकडच्या फ्लोराइडच्या बोअरवेलसारख्या ठिकाणी ते मोलाचे काम करते, याबद्दल वाद नाही. पण त्या यंत्रात क्लोरीन आधीच काढून टाकलेला असतो, नाहीतर आतला पडदा खराब होतो. म्हणजे यंत्रातून पडलेल्या त्या क्षणी पाणी उत्तम, पण त्यानंतर त्याच्या पाठीशी कोणी नाही. नळाच्या, थोडा वास येणाऱ्या पाण्यात निदान रखवालदार असतो. थंडगार खुला जार, जो धुतला कशाने आणि कधी हे कोणालाच ठाऊक नाही, तो तर दिवसभरात संपवण्याचीच वस्तू आहे. एका दिवसापुरते प्यायला आरओचे पाणी चांगले; त्याहून जास्त गाडीत ठेवायचे असेल तर त्यात मापात क्लोरीन हवाच, मग तो औषधाच्या दुकानातल्या थेंबांचा असो की गोळीचा, मात्रा त्या बाटलीवर छापली असेल तशी. अर्धा तास थांबायचे, आणि पाण्याला किंचित वास आला तर नाक मुरडायचे नाही, उलट समाधान मानायचे. वास आवडत नाही म्हणून लोक पाणीच पीत नाहीत, हा आक्षेप मला खरा वाटतो. लहान मुले खरेच पीत नाहीत. त्याला उत्तर मात्रा सोडून देणे हे नाही. पिण्याआधी घटकाभर भांडे उघडे ठेवले, दोन भांड्यांत वरखाली केले की वास उतरतो.

भांड्यांच्या बाबतीत मराठवाड्याने टंचाईच्या वर्षांत एक घातक सवय लावून घेतली आहे. रसायनांचे, तेलाचे, रंगाचे रिकामे ड्रम स्वस्तात मिळतात, ते पाणी भरायला वापरले जातात. तेलाच्या रेल्वेटाक्या चालल्या, मग ड्रमने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. फरक धातूचा आणि प्लास्टिकचा आहे. पोलादी टाकीला वाफ देता येते आणि तेल पोलादात मुरत नाही; प्लास्टिक मात्र आतल्या पदार्थाचा काही अंश स्वतःत जिरवून घेते आणि पुढे महिनोन्‌महिने थोडा थोडा सोडत राहते. तो साबणाने निघत नाही, वास गेला तरी निघाला असे नाही. शेतावर जाणाऱ्या पिकअपमध्ये याची दुसरी बाजू दिसते. पाण्याचा कॅन आणि फवारणीचे औषध एकाच हौद्यात, शेजारी शेजारी, वर ताडपत्री. पातळ प्लास्टिकमधून पेट्रोलची आणि कीटकनाशकांची वाफ आत शिरू शकते, त्यासाठी बूच सैल असण्याची गरज नाही. आणि तिसरी गोष्ट इतकी नेहमीची आहे की ती कोणाला खटकतही नाही. जवळपास प्रत्येक जुन्या जीपमध्ये, ट्रकमध्ये एक पाण्याचा कॅन आधीपासून असतोच, पण तो रेडिएटरसाठी. त्यात कधी कूलंट मिसळलेले असते. कूलंटमधले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि मूत्रपिंडांना जीवघेणे. गाडी बंद पडली, माणसे तहानलेली, रात्र आहे, आणि हाताला लागतो तो हाच कॅन. अडचणीतल्या पाण्याची सगळ्यात मोठी चूक इथे होऊ शकते, आणि ती टाळायला एवढेच लागते की रेडिएटरच्या कॅनवर लाल रंगाचा जाड पट्टा ओढावा आणि पिण्याचा कॅन त्याच्यासारखा दिसणारा घेऊ नये.

पूर्वी जीपच्या आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकलेली असे. ती नकळत या सगळ्यावर तोडगा होती. कापडातून पाणी पाझरे, वाऱ्याने सुके आणि आतले पाणी थंड राही, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून महत्त्वाचा होता तिचा दोष. ती गळत असल्यामुळे तिच्यात पाणी साठवून विसरता येतच नसे. सकाळी भरली नाही तर दुपारी रिकामी. त्यामुळे तिच्यातले पाणी नेहमी त्याच दिवसाचे असे. धुळीच्या रस्त्यावर तिच्यावर किती माती बसत असेल याची कल्पना असल्याने मी तिची आरती ओवाळणार नाही. पण बूच घट्ट बसणारा प्लास्टिकचा कॅन आला आणि पाण्याला वय आले, हे मात्र खरे.

मग सीलबंद बाटलीचे काय? तिच्यावर तर तारीख छापलेली असते. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो अर्धा मान्य करायलाच हवा. सील न फोडलेली, नावाजलेल्या कारखान्याची बाटली ही अकस्मात गरजेसाठी आपल्याकडे उपलब्ध असलेली सर्वांत विश्वासाची वस्तू आहे. फक्त ती तारीख कोणत्या अटीवर दिली आहे ते त्याच लेबलवर बारीक अक्षरांत असते: थंड, कोरड्या जागी, उन्हापासून दूर. मे महिन्यातली डिकी थंडही नाही आणि उन्हापासून फार दूरही नाही. छापलेली मुदत म्हणून गाडीत तशीच्या तशी धरता येत नाही. तिचा एक छोटा भागच धरावा. आणि तोही कसा पाळणार? महिन्याने बदलू म्हणून कोणी बदलत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीचा अनुभव सगळ्यांना आहे: पासिंगच्या वेळी पेटी आहे की नाही हे पाहिले जाते, आतल्या औषधाची तारीख पाहिली जात नाही. म्हणून वेगळा साठा नको, असे मी म्हणतो तेव्हा बाटलीला विरोध नाही. सहा बाटल्या घ्याव्यात, रोज त्यांतलीच प्यावी, दोन उरल्या की नव्या चार टाकाव्यात, जुन्या पुढे आणि नव्या मागे. किराणा दुकानदार माल लावतो तसेच. या रीतीत लक्षात ठेवावे लागत नाही, कारण तहान लक्षात ठेवते.

यावर, ‘आता पाणी कुठेही मिळते’ असे उत्तर येते. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ते बरेचसे खरे आहे. ढाब्यांची, पंपांची रांग आहे. पण अडचण येते ती नेमकी जिथे ढाबा नाही तिथे, किंवा ढाबा आहे पण तिथवर जाता येत नाही तेव्हा. माहूरच्या घाटात, बालाघाटाच्या आडवळणी रस्त्यांवर रात्री गाडी बंद पडली तर जवळचे दुकान नकाशावर जवळ असते. आणि आता टंचाईइतकाच पूरही आपल्या भागाचा झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, लेंडी प्रकल्पाच्या परिसरातली हसनाळ, रावणगाव अशी गावे पाण्याने वेढली गेली, बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. अशा वेळी पूल पाण्याखाली जातात, वाहने दोन नाल्यांच्या मध्ये अडकून पडतात, चहूकडे पाणीच पाणी असते आणि त्यातला एक घोटही पिण्याजोगा नसतो. विहिरी, बोअर, हातपंप सगळ्यांत पुराचे पाणी शिरलेले असते. दुष्काळात पाणी शोधावे लागते, पुरात समोरचे पाणी नाकारावे लागते; आणि नाकारण्याचे बळ त्याच्याकडेच असते ज्याच्या गाडीत भरवशाचे पाणी आहे.

किती, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. आपत्तीच्या कामात माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी पिण्या-खाण्यासाठी किमान धरतात; आपल्या उन्हात बसून राहणाऱ्यालाही ते तोकडे पडते आणि चाक बदलणाऱ्याला तर फारच. चौघांच्या गाडीत दहाबारा लिटर म्हणजे दहाबारा किलो वजन, काही फार नाही. पण ते एकाच मोठ्या कॅनमध्ये नको. एक कॅन उष्टा झाला, फुटला, त्याला डिझेलचा वास लागला तर सगळेच जाते. दोन पाच-पाच लिटरचे आणि काही बाटल्या, सीटखाली किंवा पायाशी, काचेपासून दूर, आंघोळीच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून. ओआरएसची चार पाकिटे त्याच पिशवीत, कारण उष्माघाताच्या उंबरठ्यावरच्या माणसाला नुसते पाणी पुरत नाही. कॅन संपला की घासून, वाळवून मगच पुन्हा भरायचा. वरचेवर भर घालत राहिले तर तळाचे पाणी कधी बदलतच नाही आणि आतून जो बुळबुळीत थर धरतो त्यावर क्लोरीनचाही इलाज अपुरा पडतो.

एवढे सगळे सांगितले ते स्वतःची गाडी असणाऱ्यांना. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ट्रकांतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांना ‘सहा बाटल्या घ्या’ सांगणे हा उद्धटपणा होईल. त्यांच्या वाहनातही पाणी असते, बहुतेकदा त्याच रिकाम्या ड्रममध्ये, त्यावर झाकण म्हणून पोते, आणि वाटेत जिथे नळ दिसेल तिथे त्यात भर. लहान मुले त्याच ट्रॉलीत असतात. इथे माणसाच्या सवयीला दोष देऊन भागत नाही. उचल देणारा मुकादम, टोळी नेणारा साखर कारखाना आणि गाडीचा मालक यांच्यात पाणी ही कोणाची जबाबदारी हेच ठरलेले नसते. डिझेल कोणाचे हे मात्र पै-पैपर्यंत ठरलेले असते. खाण्याच्या प्रतीच्या प्लास्टिकचा, तोटी असलेला एक नवा ड्रम आणि क्लोरीनच्या थेंबांची एक बाटली यांचा खर्च एका ट्रॉलीच्या एका हंगामाच्या हिशेबात कुठे दिसणारही नाही. तो करारात लिहिला जावा, आणि ट्रॉली गाव सोडण्याआधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने त्या ड्रमची ओटी एकदा पाहावी. नळी आणि औषध त्याच्याकडे आहेच, आणि ट्रॉल्या कोणत्या आठवड्यात निघतात हे गावाला माहीत असते.